टापू पाह्यजे होता तं टापू म्हणाचं!

इंजिन बंद झालं. डोंगा हळूहळू सरकत थांबला. सुखदेवभाऊंनी हातातलं वल्हं आडवं ठेवलं, उजवा हात लांब केला आणि म्हणाले, "हे पाहा साहेब. पैला बेट."

मी पाहिलं. समोर बांबू होते.

बांबूंच्या मागे बेट असेल म्हणून मी मान वाकडी केली. मागे तूर होती. तुरीच्या मागे रस्ता होता आणि रस्त्यावरून एक एसटी धूळ उडवत आसगावकडे चालली होती.

"सुखदेवभाऊ, बेट कुठं आहे?"

"हा काय समोर. एवढा मोठा बेट दिसून नाही राहिला का तुमाले?"

"हे बांबू आहेत."

"मंग? बेट कायचा राहते?"

माझं भंडाऱ्यात टूर्सचं छोटंसं ऑफिस आहे. छोटं म्हणजे, क्लायंट आत आला की मला उभं राहावं लागतं. आदरानं नव्हे, जागेसाठी. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा नवेगावबांध तिकडे गेलं, नागझिऱ्याचा चांगला वाटाही तिकडे गेला. आमच्याकडे तळी राहिली, तांदूळ राहिला आणि मी राहिलो. त्यामुळे मी लोकांना बाहेर नेतो. काशी, केरळ, फार तर अंदमान. भंडाऱ्यातल्या माणसाला भंडारा दाखवून पैसे घेण्याची हिंमत मी आजवर केली नव्हती. ती पहिल्यांदा केली, आणि हे बांबू समोर उभे राहिले.

टूर निघण्याआधी आपण स्वतः जाऊन रस्ता, जेवण, बाथरूम, सगळं बघून यायचं, याला आमच्या धंद्यात रेकी म्हणतात. आधी रेकी करायची आणि मग आयटिनररी, म्हणजे कुठे, कधी, काय त्याचा कार्यक्रम छापायचा. मी आधी छापला होता. रंगीत. त्यावर नारळाची झाडंही होती. टूर परवावर आली होती.

आता क्लायंटविषयी सांगतो. पवनीचे मुकुंदकाकाजी. घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग, बाजारात कापडाचं दुकान. त्यांनी माझ्याकडे अंदमानची टूर बुक केली होती, स्वतःसाठी आणि शालूकाकूंसाठी. नावेनं या बेटावरून त्या बेटावर जायचं, त्याला आयलंड हॉपिंग म्हणतात. काकूंना हा शब्द फार आवडला होता. त्या 'हापिंग' म्हणायच्या. पण मध्येच त्यांच्या कानाचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. जहाजानं जायचं तर समुद्रात दिवसच्या दिवस. तेही नको म्हणाले.

काकू मुकाट ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या काकाजींना घेऊन थेट माझ्या ऑफिसात आल्या. मी उभा राहिलो.

"रमेश, विमान नाही तं नाही. पण मले नावेत बसून बेटावर जायचं आहे. बेबीनं माझं डोकं खाऊन टाकलं."

बेबी म्हणजे बेबीताई, काकूंची धाकटी जाऊ. त्या अंदमान करून आल्या होत्या. वर्ष होत आलं तरी परतल्या मात्र नव्हत्या. कोणी पाणी दिलं की म्हणायच्या, "तिकडलं पाणी कसं निळंनिळं!" कोणाच्या बारशाला गेल्या तरी मोबाइल काढून त्याच पुळणीवरचा तोच फोटो दाखवायच्या. त्यात बेबीताई टोपी घालून समुद्राकडे बघत होत्या आणि समुद्र बिचारा काही बोलू शकत नव्हता.

"काकू, नवेगावबांधच्या तलावात बेट आहे. मस्त एका दिवसाचं..."

"ते बेबीचं माहेर आहे. तिच्या माहेरच्या पाण्यात मी पाय नाही टाकत."

मागून काकाजी हळूच म्हणाले, "बघ बा काहीतरी. इतक्या वर्षांत मी हिले कुठं नेलं? शेगावले नेलं आणि माझ्या बहिणीकडं नेलं."

"बहिणीकडं दोनदा नेलं," काकू म्हणाल्या.

मग मला सुचलं, की गोसेखुर्दचं बॅकवॉटर आहे ना! धरणाच्या भिंतीमागे नदी फुगून लांबवर पसरते, ते पाणी. समुद्रासारखं दिसतं, मीठ तेवढं घालायचं बाकी. कुठल्याशा ओळखीनं आसगावच्या पुढच्या गावातले सुखदेवभाऊ ढिवर यांचा नंबर मिळवला. मासेमारी करतात, इंजिन लावलेला मोठा डोंगा आहे. मी फोन लावला.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घरी मी आमच्याच बोलीत बोलतो. पण ऑफिसच्या खुर्चीत बसलो की माझी भाषा इस्त्री करून येते. मी विचारलं, "आपल्या परिसरात बेटं किती आहेत?"

"बेटं? लय हायेत ना जी. पाच तं आमच्याच काठाले हायेत."

काठाजवळ म्हणजे प्रवास सोपा. मी लिहून घेतलं.

"मोठी आहेत का?"

"मोठी, दाट. माणूस आत घुसू नाही शकत."

मी लिहिलं, 'मानवी पाऊल न पडलेली.'

"आणि शांतता?"

"शांतताच हाये. वारा सुटला का कर्रकर्र वाजते तेवढंच."

मी लिहिलं, 'लाटांचं संगीत.'

तो कागद छापून पवनीच्या अर्ध्या बाजारात वाटला गेला होता. काकूंनी स्वतः बेबीताईंना नेऊन दिला होता आणि वर म्हटलं होतं, "पाच बेटं आहेत. तूही चाल."

आणि आता मी डोंग्यात बसून पहिल्या बेटाकडे पाहत होतो. त्याला सुगरणीचे खोपे लटकले होते.

"सुखदेवभाऊ, अहो बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी, मध्ये जमीन!"

सुखदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग डोंग्याच्या टोकाला बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, गिरजाबाईंकडे पाहिलं. गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"त्याले तं टापू म्हणतेत, साहेब."

"हो, तेच!"

"टापू पाह्यजे होता तं टापू म्हणाचं! तुमी बेट म्हटले, मी बेट मोजले."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बांबूचं बेट हा मराठीच शब्द आहे. मीही लहानपणापासून ऐकलेला. आणि पाण्यातल्या जमिनीला मीही घरी टापूच म्हणतो. फक्त फोनवर माझ्यातला पुस्तकी माणूस बोलला होता.

"मग टापू किती आहेत?"

"टापू एक हाये. आजच्या घडीले तं हाये."

मी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला. 'एक आहे' ऐकून माझ्यात जीव आला होता. घाईत असलेला माणूस वाक्य संपेपर्यंत थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. बहुतेक वेळा हा अनुभव मला माझ्याचकडून मिळतो.

टापू सुरेख होता. लहानशी टेकडी, वर पळसाची झाडं, हिरवं गवत. काठ आणि टापूच्या मध्ये एक उथळ पट्टा होता. स्वच्छ पाण्याखाली जुना मुरमाचा रस्ता दिसत होता, धरण व्हायच्या आधीचा. 'वा,' मी म्हटलं, 'पाण्याखालचा रस्ता. फोटोला छान.' ते पाणी घोट्याएवढंच आहे याकडे मी लक्ष दिलं नाही.

पण एक टापू म्हणजे हॉपिंग होत नाही. हॉपिंग म्हणजे उड्या मारत जाणं. एकाच बेटावर गेलं तर त्याला उतरणं म्हणतात. एसटीतूनही लोक उतरतात.

परत जाताना पवनीला दुकानात थांबलो. मुकुंदकाकाजी गिऱ्हाइकाला लुगडं दाखवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी शब्द जुळवत बसलो आणि मग सरळ सांगून टाकलं. काकाजींनी लुगड्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे चार बेटं बांबूची?"

"पाचही बांबूची. टापू सहावा."

"तं मग वाढलं की एक!"

"काकाजी, मी पैसे परत देतो. काकूंना मी स्वतः सांगतो."

"काही सांगू नको. तिनं बेबीले कबूल करून ठेवलं आहे. आता नाही म्हटलं तं तिले बेबीच्या तोंडून अंदमान ऐकावं लागंल, तेही मरेपर्यंत. अन् मले तिच्या तोंडून."

"मग करायचं काय?"

"तू टूरवाला का मी? मी तं लुगडं विकतो. धागा तुटला तं गाठ मारतो अन् पुढं विणतो."

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. मंगला लाखनीची. तिनं भाताचा घास तसाच हातात धरून हसायला सुरुवात केली.

"काहून हसून राहिली?"

"कायले हसू नको? अवो, बेटाखाली सावली राहते. टापूवर ऊन लागंल. जेवाले बेटाखालीच बसवा ना त्याइले!"

आमच्या धंद्यात याला बॅकअप प्लॅन म्हणतात. माझे बहुतेक बॅकअप प्लॅन ताटावर ठरतात. मी नवीन क्रम लावला. आधी एका बेटाखाली चहा, मग टापू, मग सगळ्यात मोठ्या बेटाच्या सावलीत जेवण. गिरजाबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात करायचं कबूल केलं. उरलेली बेटं नावेतूनच दाखवायची, लांबून, वेगात. छापलेल्या कार्यक्रमात एक अक्षरही बदललं नाही. खोटं काहीच नव्हतं. पाच बेटं होतीच.

ठरलेल्या सकाळी मंडळी आली. काकाजी, काकू, बेबीताई. बेबीताई तीच टोपी घालून आल्या होत्या. मी लाइफ जॅकेट, म्हणजे पाण्यात पडलं तर तरंगत ठेवणारं जाकीट, पुढे केलं.

"कोशाच्या रेशमी लुगड्यावर हे?" बेबीताई म्हणाल्या.

"बेबी, अंदमानात घातलं नव्हतं का?"

"तिकडलं निळं होतं."

शेवटी घातलं. डोंगा निघाला. हवेत गारवा होता, पाण्यावर पाणकोंबड्या होत्या. काकू सगळ्यात पुढे बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. भीतीनं नव्हे. लहान मुलं जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर धरतात तसा.

पहिलं बेट आलं. मी मोठ्यानं म्हणालो, "चहा!"

काकूंनी बांबूंकडे पाहिलं. वर पाहिलं. खाली पाहिलं. "हे तं बेट आहे," त्या म्हणाल्या.

"हो काकू. बेटच."

"नाही, म्हंजे बांबूचं बेट."

"हो ना. बांबूचं... बेटच."

काकाजींना एकदम खोकला आला. बेबीताई म्हणाल्या, "अवं बाई, बांबू तं आपल्या वाडीत पण आहे."

काकूंनी चहा घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. आपल्याच नादात म्हणाल्या, "आमचे बाबा फणीले असाच बांबू शोधत जायचे." फणी म्हणजे मागावरचा तो कंगवा, ज्याच्या दातांतून धागे जातात. एवढं बोलून त्या गप्प झाल्या. रागावलेला क्लायंट मला चालतो. त्याला काय हवं ते समजतं. गप्प क्लायंट अवघड असतो.

आता सगळी भिस्त टापूवर होती. मी सुखदेवभाऊंना खूण केली. इंजिन वाजलं. वळसा घेतला आणि टापू दिसला. पळस, गवत, सगळं जागच्या जागी. मी उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं, "काकू, हे बघा! चारही बाजूंनी पाणी!"

डोंगा टेकला. काकू उतरल्या. सगळ्यांच्या आधी. गवतातून चार पावलं वर चढल्या आणि थांबल्या.

वर बकऱ्या होत्या. बकऱ्यांच्या मागे एक म्हातारे बाबाजी बिडी ओढत बसले होते. आणि पळसाला टेकवून एक सायकल उभी होती.

बेबीताईंनी टोपी काढली, सायकलकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बाबाजी सायकल घेऊन पोहत आले का?"

मी टेकडीच्या पलीकडे धावलो. परवाचा तो उथळ पट्टा आटला होता. धरणातून पाणी सोडलं होतं, वीतभर पातळी उतरली होती आणि तो मुरमाचा रस्ता काठापासून टापूपर्यंत लख्ख कोरडा पडला होता. वर ताज्या लेंड्याही होत्या.

"सुखदेवभाऊ!"

"मी म्हटलं होतं ना जी, आजच्या घडीले हाये म्हणून. ती घडी परवा होती."

मी परतलो. काकूंच्या समोर उभा राहिलो. मनात माफीचं वाक्य जुळवलं. काकाजी माझ्या मागे उभे राहिले. आधाराला की आडोशाला, ते सांगता येणार नाही.

"काकू, माझी चूक झाली. मी फोनवर बेट म्हटलं, त्यांनी बांबू समजले. एकच टापू होता, तोही आता..."

काकूंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्यांनी ऑपरेशनच्या कानावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि मग जो हसण्याचा आवाज आला, त्यानं बकऱ्या पांगल्या.

"अगा रमेश! मी पण तं तुले बेटच म्हटलं होतं! माझं पण चुकलंच की!"

त्या हसतच बाबाजींकडे गेल्या. "बाबाजी, सायकल चालते का?"

"चालते नाही तं काय. ब्रेक नाही तिले."

"ब्रेक कायले पाह्यजे?"

"शालू," काकाजी म्हणाले, "काय करून राहिली?"

काकूंनी पदर खोचला. लाइफ जॅकेट अजून अंगावरच होतं. सायकल टेकडीवरून हातात धरून खाली नेली, रस्त्यावर ठेवली आणि बसल्या. पहिली दोन वळणं सापासारखी गेली. काकाजी ओरडले, "शालू, उतर! डॉक्टरनं..."

"डॉक्टरनं विमान नाही म्हटलं!" लांबून आवाज आला.

मग सायकल सरळ झाली. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मधून लाल मुरमाचा रस्ता, आणि त्यावरून नारिंगी जॅकेट घातलेल्या काकू चालल्या होत्या. पवनीच्या शाळेत असताना त्या सायकलनं जायच्या, हे मला नंतर कळलं. काकाजींनाही तेव्हाच कळलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मी धावत जाऊन फोटो काढला. आयुष्यात धंद्यासाठी मी जी काही योग्य वेळी योग्य कामं केली, त्यात ते एक.

काकू पलीकडच्या काठाला पोचल्या. ब्रेक नव्हता म्हणून तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय घासत थांबल्या. तिथून ओरडल्या, "बेबी! बेटावर नावेनं आली अन् सायकलनं उतरली! तुझ्या अंदमानात होते का असं?"

बेबीताई टोपी हातात घेऊन उभ्या होत्या. मग पाण्याकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "तिकडं सायकल आणू नाही देत." आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "बाई, मले पण दे ना एक चक्कर."

"तू तं फिरून आलीस!"

"दे ना वं."

काकूंनी दिली. काकाजी मागे कॅरिअर धरून धावले. बाबाजींनी दुसरी बिडी पेटवली आणि मला विचारलं, "तुमच्या टूरमधी सायकलचं भाडं धरलं हाये का नाही?"

जेवण मोठ्या बेटाखाली झालं. वारा सुटला तसे बांबू कर्रकर्र वाजले. काकू वडा मोडत म्हणाल्या, "रमेश, हे तुझं लाटांचं संगीत ना?" मी मान खाली घालून भात खाल्ला. गिरजाबाईंनी तिसऱ्यांदा वाढलं, तेव्हा बेबीताईंनी लुगड्याला लागलेल्या ग्रीसची तक्रारही केली नाही.

तो फोटो आता मुकुंदकाकाजींच्या दुकानात गल्ल्याच्या वर लावला आहे. लुगडं घ्यायला आलेलं माणूस आधी त्याची गोष्ट ऐकतं. बेबीताई कुठल्या लग्नात भेटल्या तर अंदमान काढत नाहीत. सायकलचीच गोष्ट सांगतात. त्यात ब्रेक त्यांच्या वेळी नसतो, काकूंच्या वेळी असतो.

आणि माझ्याकडे लोक येतात, "ते सायकलवालं बेट करायचं आहे" म्हणत. हे प्रॉडक्ट विकायला फार अवघड आहे. पाणी चढलं की टापू होतो पण रस्ता बुडतो. पाणी उतरलं की रस्ता उघडतो पण टापू राहत नाही. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर धरणावरच्या माणसाच्या मनात काय आहे ते आधी कळावं लागतं. ते त्याच्या बायकोलाही कळत नसणार. मी क्लायंटला स्पष्ट सांगतो, बांबूची पाच बेटं कन्फर्म. बाकी नशीब.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एवढंच शिकलो, की फोनवर वस्तूचं नाव सांगून भागत नाही. ती कशी दिसते ते सांगावं, समोरच्याच्या बोलीत सांगावं, आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसावं.

हे मी शिकलो असं मला वाटत होतं. परवा सुखदेवभाऊंचा फोन आला.

"साहेब, यंदा टापू दोन झाले."

"दोन? बांबूचे का पाण्यातले?"

पलीकडे ते बोलले, माझ्याशी नव्हे, गिरजाबाईंशी. "अवं, या मानसाले अजून टापू समजला नाही."